तायडे मॅडमचं कॅल्शियम

तायडे मॅडम गेल्याचा फोन आला तेव्हा मी बुलढाण्याच्या प्रयोगशाळेत विहिरीच्या पाण्यातलं कॅल्शियम मोजत होते. फोन शोभाचा, माझ्या वर्गमैत्रिणीचा. "मॅडम गेल्या वं... दोन दिवसांच्या तापानं," एवढंच बोलली आणि रडायला लागली. निवृत्तीला दीड वर्ष राहिलं होतं त्यांच्या. या गोष्टीला आता सात आठवडे झाले. त्यांची शिस्त, त्यांचं अक्षर, पांढऱ्या साड्या यांवर बाकीचे लिहितीलच. मला त्यांच्या एका चुकीबद्दल लिहायचंय, कारण ती त्यांनी जशी निस्तरली तशी निस्तरली नसती तर मी या प्रयोगशाळेत नसते.

खामगाव तालुक्यातल्या आमच्या गावी मॅडम विज्ञान शिकवायला नव्यानेच आल्या होत्या. त्यांचे आईवडील मजुरी करणारे, घरात शिकलेली पहिली बाई त्याच. गावात त्यांच्या चुकीची वाट पाहणारे चार जण होतेच, हे मला पुढे कळलं. आमचं दहावीचं वर्ष. मॅडमनी फळ्यावर अणू काढला. मधे केंद्रक आणि भोवती गोल कवचं. पहिल्या कवचात इलेक्ट्रॉन मावतात दोन, दुसऱ्यात आठ, तिसऱ्यात अठरा. कॅल्शियमकडे असतात वीस. दोन आणि आठ बसवले की उरतात दहा, आणि तिसऱ्यात जागा अठरांची, म्हणजे दहाही तिथेच. दोन, आठ, दहा. हिशेब चोख होता, फक्त पुस्तकात दोन, आठ, आठ, दोन असं छापलेलं होतं. मी हात वर केला. "मॅडम, पुस्तकात शेवटचे दोन चौथ्या कवचात हायेत. काऊन?" मॅडमनी एकदा पुस्तक पाहिलं, एकदा फळा. "छापणाऱ्याची चूक असंल. तिसऱ्यात जागा हाय का नाही?" मी म्हटलं, "हाय, पण पुस्तकात..." "मंग? घरात जागा असताना बाहेर कोण जाईल? उभी राह्य आता तासभर." वर्ग खो खो हसला. त्या दिवशी साऱ्या वर्गानं पुस्तकातलं बरोबर उत्तर पेनानं खोडलं, मीसुद्धा, स्वतःच्या हातानं. त्यानंतर वर्षभर माझा हात वर गेला नाही. दहावीनंतर सायन्स घेणार नाही, असं मी घरी सांगूनही टाकलं. डोकं चालवलं की उभं राहावं लागतं, मग चालवायचं कशाला...

परीक्षेआधीच्या सुट्टीत घरी भावाच्या लग्नाची धांदल, म्हणून माझी रवानगी दुसरबीडला मामाकडे झाली. विज्ञानाच्या पेपराला आठ दिवस असताना भर दुपारी दारात मॅडम उभ्या. दोन एसट्या बदलून आलेल्या, केस धुळीनं भुरे झालेले. मामीला वाटलं, मी काहीतरी दिवे लावलेत. मॅडमनी पाण्याचा तांब्याही घेतला नाही. मामा, मामी आणि तूर निवडायला आलेल्या दोन शेजारणी, सगळ्यांसमोर म्हणाल्या, "या पोरीनं बरोबर सांगतलं होतं. चूक माही होती. अन् मी तिलेच वर्गात उभी केली." खामगावच्या एका प्राध्यापकांना त्या विचारून आल्या होत्या. वर्गातल्या बाकी सगळ्यांच्या घरी जाऊन हेच सांगून झालं होतं, मी शेवटची. मामी म्हणाली, "एवढ्यासाठी आल्या? दुकानात फोन हाय नं मॅडम, फोन करायचा." मॅडम म्हणाल्या, "उभी सगळ्यांसमोर केली होती, ताई. माफी फोनात कशी मांगू?"

मग ओसरीतच त्या माझ्याशेजारी टेकल्या. "तिसऱ्या घरात जागा हाय, खोटं नाही. पण आठ बसल्यावर जे उरते ते माळ्यावर हाय. शिडी चढून जाण्यापरीस शेजारच्या घराच्या ओसरीत टेकणं सोपं. इलेक्ट्रॉनबी आपल्यासारखाच, कमी कष्टाची जागा पाहते." आणि मग हळूच, "सायन्स घेशीन नं?" मला रडू आवरत नव्हतं. मान हलवत "हाव" म्हटलं. त्या दुपारी मला जेवढं मोठं झाल्यासारखं वाटलं, तेवढं पुढे पदवी घेतानाही वाटलं नाही. गंमत म्हणजे त्या वर्षी पेपरात कॅल्शियम आलंच नाही. मॅग्नेशियम आलं. त्याचे बाराच इलेक्ट्रॉन, दोन, आठ, दोन, तिथे ना माळा ना शिडी. मॅडमना सांगितलं तर म्हणाल्या, "एसटीवाल्याचा फायदा झाला म्हण."

गेल्या महिन्यात शाळेत शोकसभा झाली. आम्ही जुने विद्यार्थी मागे उभे होतो. नव्या हेडमास्तरांनी कागदावरून भाषण वाचलं आणि शेवटी म्हणाले, "एवढ्या वर्षांच्या सेवेत तायडे मॅडमनी एकही चूक केली नाही." तेवढ्यात नववीच्या रांगेतून दोन वेण्यांची एक मुलगी उठली. शोकसभेत कोणी मधे उठत नसतं. शिपायानं तिला खूण केली, पण ती बसली नाही. "नाही सर. केली होती मॅडमनं. कॅल्शियमची. अणूचा धडा आला का पह्यले स्वतःची चूकच सांगत होत्या त्या आम्हाले." मला वाटलं, आता हिला उभी ठेवतात की काय... सरांनी कागदाची घडी घातली. "मग माझं चुकलं," ते म्हणाले. "ये पुढे, तूच सांग." ती पुढे गेली आणि तिनं न अडखळता सगळं सांगितलं, वीस इलेक्ट्रॉन, माळा, ओसरी, आणि खोडलेली पुस्तकंसुद्धा.

शोकसभेत टाळ्या वाजवत नाहीत, हे मला माहीत आहे. मी वाजवल्या.