रिकामा रकाना

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही, आणि ती तर माझ्या तोंडावरून सगळं ओळखायची. अकरा वर्षं झाली. मध्ये दोन-तीनदा लिहायला बसलो आणि दर वेळी दुसरंच काही लिहून उठलो. आता शहात्तरावं लागलं आहे. आज मात्र पुरतं लिहून झाल्याशिवाय उठायचं नाही, असं ठरवूनच बसलो आहे.

मी गणिताचा मास्तर. निवृत्त झाल्यावर तालुक्याच्या गावी संगणकाच्या क्लासला नाव घातलं. वर्गात सगळ्या नातीच्या वयाच्या मुली. त्या हसायच्या, पण मला गोडी लागली. मी स्वतः एक प्रोग्राम लिहिला. पडद्यावर एक खिडकी उघडायची, तीत दोन रकाने, खाली एक बटन. माणसानं रकान्यात काही लिहिलं की ते यादीत टाकायचं, रकाना पुसायचा, पुढच्याला बोलवायचं. पुन्हा तेच. पुन्हा तेच. याला लूप म्हणतात. चाळीस वर्षं हजेरी घेतलेल्या माणसाला हे किती आवडलं असेल!

पण लूपला कुठं थांबायचं तेही सांगावं लागतं. मी सांगितलं होतं — रकाना रिकामा आला की समज, माणसं संपली. तिथवरची यादी जतन कर.

हे एवढं लक्षात ठेवा.

आमचं गाव नवेगाव बांधपासून सायकलीनं अर्ध्या तासावर. त्या वर्षी धान कापून झाल्यावर गावच्या मंडळानं डोळ्यांचं शिबिर भरवलं. डॉक्टर तपासणार, ज्यांना मोतीबिंदू त्यांची यादी करायची, आठवड्यानं दवाखान्याची गाडी येऊन त्यांना ऑपरेशनला नेणार. यादी माझ्या प्रोग्रामवर होईल, असं मी आधीच सांगून टाकलं होतं. सांगून काय, मिरवलंच होतं.

नावं भरायला प्रमिला बसली. आमच्या गावची सून, बारावी शिकलेली, नवरा राइस मिलमध्ये हमाल. टायपिंग चांगलं. ग्रामपंचायतीत संगणकावर बसायला माणूस हवा होता, आणि शिबिरात तिचं काम पाहून तिला घेऊ असं सरपंच बोलले होते. त्या दिवशी ती माहेरची ठेवणीतली साडी नेसून आली होती.

“गुरुजी, वहीतबी लिहून ठेवू का? लाइट गेली तं?”

“वहीच ठेवायची तं कंप्युटर कायले?” मी म्हणालो. सगळ्यांसमोर. ती वरमली, वही पिशवीत ठेवून दिली.

पहिल्या रकान्यात पेशंटचं नाव, दुसऱ्यात वडिलांचं किंवा नवऱ्याचं. दुपारपर्यंत झकास चाललं. मी जेवायला घरी गेलो; पुढचं नंतर ऐकलेलं. मग देवकाबाई आली. सत्तरीची, काठी टेकत.

“मालकाचं नाव सांगा मावशी.”

“नाव कसं घेऊ वो? लिही ना तूच.”

“मले नाही मालूम मावशी. मी दोन वर्षांची तं आहो या गावात.”

मागून कोणी तरी ओरडलं, “घे वो बुढे! बुढा मरून दहा वरसं झाली, आता कोणाले लाजून राहिली?” रांग हसली, नाव मात्र कोणी सांगितलं नाही. देवकाबाईनं पदर तोंडाला लावला तो लावलाच. आमच्याकडच्या म्हाताऱ्या बाया नवऱ्याचं नाव घेत नाहीत, हे मला माहीत नव्हतं? माझ्या आईनं तरी कुठं घेतलं होतं? पण प्रोग्राम लिहिताना तिची आठवण झाली नाही.

प्रमिलानं शहाण्या माणसानं करावं तेच केलं. दुसरा रकाना रिकामा ठेवला — पोरगा आला की विचारून भरू — आणि बटन दाबलं.

यंत्र समजलं, माणसं संपली.

पडद्यावर नावं दिसत राहिली, कारण दाखवायची यादी मी वेगळी ठेवली होती. जतन होणारी यादी तिथंच थांबली. शेवटी दोन्ही रकाने रिकामे ठेवून बटन दाब, असं मी प्रमिलाला बजावलं होतं. प्रोग्राम मात्र एकच रकाना तपासत होता. दुसरा. ते तिला कसं कळावं?

आठवड्यानं गाडी आली. जतन झालेल्या यादीवरून नावं वाचली गेली, आणि देवकाबाईपासून पुढची एकतीस माणसं कपड्यांची गाठोडी घेऊन रस्त्यावर उभीच राहिली. यादीत नाव नाही, तर गाडीत जागा नाही. पुढच्या वर्षीच्या शिबिरात त्यांची ऑपरेशनं झाली. तोवर ती माणसं वर्षभर भिंत चाचपत हिंडली.

गावात एकच प्रश्न. नावं भरली काऊन नाहीत? प्रमिला रडत माझ्याकडे आली. म्हणाली, “मी सारी भरली गुरुजी. एक देवकाबाईचं तेवढं रिकामं सोडलं होतं.”

ती हे बोलली, आणि मला त्याच क्षणी सगळं कळलं. तिला म्हणालो, पाहतो. ती गेल्यावर संगणक उघडला. तीन नावं भरली, चौथ्याचा दुसरा रकाना रिकामा ठेवला, पुढे आणखी दोन भरली. फाइल उघडली — तीनच. शंकेला जागाच नव्हती.

इथवर ती चूक होती. चूक कोणाचीही होते. पुढचं जे आहे, ती चूक नाही.

दुसऱ्या दिवशी समाजमंदिरात बैठक होती. जायच्या आधी मी प्रोग्राममधली ती थांबायची ओळ बदलली — दोन्ही रकाने रिकामे असले तरच थांब. दोन मिनिटंही लागली नाहीत. मग संगणक उचलून बैठकीला नेला. मंडळाच्या अध्यक्षांनी विचारलं, “गुरुजी, तुमच्या प्रोग्रामात तं गडबड नाही?” मी म्हणालो, “तुम्हीच पाहा.” सगळ्यांसमोर नावं भरली. एक रकाना मुद्दाम रिकामा ठेवला. पुढे आणखी भरली. फाइल उघडली. सगळी नावं जागच्या जागी.

“रिकामं सोडलं तरी चालते,” मी म्हणालो. हेच शब्द. प्रमिलाकडे पाहून.

ती पडद्याकडे बघत होती. मला वाटलं होतं, भांडेल. भांडली असती तर कदाचित मी — नाही, ते लिहीत नाही. ती भांडली नाही. तिनं पडद्यावर विश्वास ठेवला, आणि स्वतःवरचा सोडला. मग मान खाली घातली.

पंचायतीत दुसरा माणूस घेतला. “आंधळ्यांची नावं गाळणारी” असं तिला पाणवठ्यावर बोलायचे. पुढं कितीतरी वर्षं ती लोकांच्या शेतात धानाच्या रोवणीला, निंदणीला जात राहिली. टायपिंगला पुन्हा बसली नाही. मागच्या पावसाळ्यात तापानं गेली.

मंडळाची स्मरणिका निघते आहे. तीत या वयात संगणक शिकलेले गुरुजी म्हणून माझ्यावर एक पान आहे. ते काढून त्या जागी हे छापा, असं मी लेखी कळवलं आहे. पहिली प्रत प्रमिलाच्या नवऱ्याच्या हातात मी स्वतः देणार आहे. तो काय म्हणेल ते ऐकून घेईन.

एक राहिलं. बैठकीनंतर चार-पाच महिन्यांनी मी तिच्या घरी गेलो होतो. काय बोलायचं ते घोकून ठेवलं होतं — प्रमिला, तुझं काही चुकलं नव्हतं, चूक माझी होती आणि ती मी लपवली. ती अंगण सारवत होती. मला पाहून उठली, शेणाचे हात मागं धरून तशीच उभी राहिली. मी तोंड उघडायच्या आत तीच बोलली.

“गुरुजी, माझ्यापायी तुमच्या कामाले बट्टा लागला. माफ करजा.”

मी म्हणालो, “जाऊ दे पोरी. होते असं.”

आणि तिला माफ करून घरी आलो.