आत्याबाईंनी आणलेली कोंबडी

नेकोये लग्न होऊन सासरी आली तेव्हा तिच्या काखेत एक कोंबडी होती. माहेरच्या आत्याने दिलेली, तांबूस, पायांवर मोज्यासारखी पिसं असलेली. सासूने, नांगिलाने, कोंबडीचे पंख उलटून उवा पाहिल्या, छातीचं हाड चाचपलं आणि मग सुनेला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं.

"कोंबडी बरी आहे," ती म्हणाली.

त्या घरची रीत अशी, की नव्या सुनेने सासूच्या चुलीवर रांधायचं. माहेरून आणलेल्या कोंबडीचा वंश वाढून त्याच कोंबड्यांवर भावकीला जेवण घालता आलं, की मग सुनेची वेगळी चूल मांडायची. तोवर मीठ सासूच्या हातचं, सरपण सासूच्या सांगण्याने, आणि आंघोळीला किती पाणी तापवायचं तेही सासूला विचारून. नवरा सितुमा दूर एल्डोरेट शहरात लाकडाच्या वखारीत कामाला होता. डिसेंबरात घरी यायचा आणि पहिल्या रात्री विचारायचा, "मायीचं नि तुझं बरं चाललंय ना?" उत्तर ऐकायच्या आत त्याला झोप लागायची.

मग नेकोये कोंबड्यांकडे वळली. दुसरीकडे वळायला जागाच नव्हती.

खुराड्याच्या खळग्यातलं एक अंडं ती कधी उचलत नसे. सगळी उचलली की कोंबडी जागा बदलते आणि केळीत कुठेतरी लपून घालते. अंड्याला घाण लागली तर कोरड्या फडक्याने पुसायची, धुवायची नाही. "धुतलेलं अंडं म्हणजे कातडी सोललेलं माणूस," असं तिची आत्या म्हणायची. निमुळतं टोक खाली करून ती अंडी नाचणीच्या टोपलीत, सारवलेल्या भिंतीच्या गारव्याला ठेवी. रवणीला, म्हणजे उबवायला, ठेवायच्या अंड्यांवर कोळशाची रेघ ओढी, म्हणजे दुसरी कोंबडी मध्येच येऊन घालून गेली तर ते ताजं अंडं ओळखू येई. आठवडा गेला की एकेक अंडं उन्हाकडे धरून मुठीच्या नळीतून बघायचं. आत कोळ्यासारखा लाल जीव दिसला तर परत कोंबडीखाली. नुसताच पिवळा उजेड दिसला तर बाहेर. अंगणाच्या कडेला राखेचा खड्डा होता. कोंबड्या त्यात लोळत, उवा झाडत, आणि नेकोये कमरेवर हात ठेवून त्यांच्याकडे बघत राही.

वंश वाढला. नांगिलाच्या जुन्या काळ्या कोंबड्या आणि नेकोयेच्या मोजेवाल्या, सगळ्या एकत्र सासूच्या स्वयंपाकझोपडीतच वसतीला असत. त्या वर्षी पाऊस ओसरला तेव्हा नांगिला स्वतःच म्हणाली, "डिसेंबरात सितुमा आला की तुझ्या चुलीचे तीन धोंडे मांडू. आता काय सबब सांगू मी?"

नेकोयेने ओढ्यातून तीन धोंडे आणून झोपडीमागे ठेवले. रोज जाता-येता ती पायाने त्यांना जरा सरळ करायची.

नोव्हेंबर संपत आला होता. एका सकाळी नामारोमे आत्याबाई आल्या. त्या नांगिलाच्या नणंद. सितुमाचे वडील होते तेव्हापासूनच घरातलं लग्न असो, वाटणी असो की चूल, त्यांच्या होकाराशिवाय काही होत नसे. आत्याबाईंच्या काखेत पांढरी कोंबडी होती.

"सुनेची चूल मांडताय ना? म्हटलं, माझ्याकडूनही एक असू दे जेवणाला!"

नेकोयेने गुडघे वाकवून दोन्ही हातांनी कोंबडी घेतली. तिची मान जरा कलत होती. डोळे अर्धे मिटलेले. मनगटावर शीट पडली ती हिरवी, पाण्यासारखी.

मानमोडी, कोंबड्यांची साथ. नेकोयेने लहानपणी माहेरचं अंगण एका आठवड्यात रिकामं झालेलं पाहिलं होतं. डोळ्यांत लस टाकणारी बाई यंदा गावात आली होती, पण कुपी एकदा फोडली की त्याच दिवशी संपवावी लागते; पुरेशी अंगणं तयार झाली नाहीत म्हणून ती कुपी तशीच बर्फात घेऊन परत गेली.

नेकोयेने झोपडीमागून कोंबडी झाकायचं डालं आणलं.

"हे कशाला?" आत्याबाईंनी विचारलं.

"वाटेने दमलीय. दोन दिवस वेगळी डालून ठेवते."

"वेगळी?" आत्याबाई हसल्या, पण फक्त तोंडाने. "नांगिला, तुझी सून माझ्या कोंबडीला तुरुंगात घालतेय गं. मी काय करणी करून आणलीय होय?"

पाहुण्याची कोंबडी वेगळी बांधणं म्हणजे त्याच्या हाताला विष आहे असं अंगणात उभं राहून सांगणं. हे नेकोयेलाही ठाऊक होतं. तिने सासूकडे पाहिलं. नांगिला पांढऱ्या कोंबडीकडे बघत होती.

"डालं परत ठेव," नांगिला म्हणाली. "वन्संची कोंबडी आपल्या कोंबड्यांत राहील."

पांढरी कोंबडी दाण्यांजवळ जाऊन उभी राहिली. बाकीच्यांनी तिला दोन चोची मारल्या आणि मग जवळ घेतलं.

आत्याबाईंसाठी कोंबडा कापला, मक्याच्या पिठाची उगाली वाढली. त्या जेवायला बसल्या तशी नेकोये कोठाराखाली वाकली. तिथे तिची तांबूस म्हातारी, माहेरची, रवणीला बसली होती. सकाळपासून उठली नव्हती. तिला उचललं असतं तर तिने ओरडून गाव गोळा केलं असतं. अंडी ओरडत नाहीत. नेकोयेने हात स्वच्छ धुतले, कोळशाच्या रेघांची अंडी एकेक करून पोटाशी कापडात बांधली आणि पाण्याची घागर घेऊन ओढ्याकडे निघाली. पोटाला त्यांची ऊब लागत होती.

ओढ्यापलीकडे रसोआ म्हातारी राहायची. सगळे तिला कुखू, म्हणजे आजी, म्हणत.

"कुखू, तुमची खुडूक कोंबडी अजून बसलीय का?"

"बसलीय की! खाली अंडं नाही न काही, रिकाम्या खळग्यात संसार मांडलाय बयेने." रसोआने कापडाकडे बघितलं. "चोरीची का?"

"माझीच आहेत."

"स्वतःची कुणी पोटाशी लपवून आणतं? बरं, ठेव. पण रीत माहीत आहे ना? ऊब माझी, तर निम्मी पिल्लं माझी."

"निम्मी तुमची," नेकोये म्हणाली.

आत्याबाई दुसऱ्या दिवशी गेल्या. त्यांच्या मागोमाग पांढरी मेली, मग नांगिलाच्या काळ्या, मग मोजेवाल्या. माना पाठीवर वळवून त्या आभाळाकडे बघत बसत आणि तशाच कलंडत. तांबूस म्हातारी रिकाम्या खळग्यावरच मेली. नेकोयेने केळीपलीकडे खोल खड्डा खणून सगळ्यांना चुन्यात पुरलं. नांगिला तिला माती ओढून देत होती.

पाणवठ्यावर काही लपत नाही. एका सकाळी नांगिला म्हणाली, "रसोआकडे पिल्लं निघालीत म्हणे. पायांवर पिसं असलेली."

नेकोये चुलीत फुंकर घालत होती, ती घालतच राहिली.

"अंडी कधी नेलीस?"

"आत्याबाई जेवत होत्या तेव्हा."

"म्हणजे तुला ठाऊक होतं. स्वतःची अंडी तेवढी उचललीस आणि माझ्या कोंबड्या मरू दिल्यास."

"मी डालं आणलं होतं, मायी."

"सगळ्यांदेखत! मागून येऊन कानात नाही सांगितलंस."

ते खरं होतं. धूर डोळ्यांत गेला म्हणून तिने मान फिरवली.

नांगिला उंबऱ्यावर बसली. गुडघ्यावरची वाळकी माती ती नखाने खरवडू लागली.

"सांगून तरी मी काय केलं असतं," ती म्हणाली. "तिची मान मलाही दिसली होती. शीटही. माझी चूल मांडायची तर वन्संनी हो म्हणायला हवं होतं, आणि त्यांनी मला सात वर्षं सासूच्या धुरात ठेवलं. त्यांच्या हातचं मी आजवर काही नाकारलेलं नाही."

नेकोयेने पहिल्यांदा सासूच्या हातांकडे नीट पाहिलं.

"पिल्लं घरी आण," नांगिला म्हणाली. "वंश अंगणात दिसला पाहिजे, त्याशिवाय भावकी चूल मानणार नाही."

"नाही आणणार. जमिनीत रोग आहे अजून. आणली तर तीही मरतील."

"मग डिसेंबर गेला."

"गेला," नेकोये म्हणाली.

सितुमा आला, त्याने तेच विचारलं आणि झोपला. सुट्टी संपली तसा परत गेला. झोपडीमागच्या धोंड्यांभोवती गवत वाढलं.

नेकोये रोज पाण्याला गेली की तळपाय राखेने घासून, धुऊन पलीकडे जाई, पिल्लांपुढे मूठभर वाळवी टाकी आणि परत येई. एकदा तिच्याबरोबर नांगिलाही आली. ती ओढा ओलांडून गेली नाही. अलीकडेच घागर टेकून उभी राहिली. समोर रसोआच्या अंगणात पिल्लं माती उकरत होती.

"त्यात नर कोणता?" नेकोये परत आल्यावर तिने विचारलं.

"अजून कळत नाही, मायी."

"रसोआला सांग, निम्मी म्हणजे निम्मीच. जास्त नाही."

"सांगितलंय."

नांगिलाने अजून थोडा वेळ पाहिलं. मग वाकून घागर डोक्यावर घेतली.

"चल, उगाली व्हायचीय," ती म्हणाली, आणि नेकोये तिच्या मागून चालू लागली.