टायपिस्ट मावशींचे साक्षीदार

एकतीस वर्षं कोर्टाच्या मागच्या दाराशी, पत्र्याच्या शेडखाली बसून टायपिस्ट मावशींनी दुसऱ्यांची मृत्युपत्रं टाइप केली. आता स्वतःच्या मृत्युपत्राची वेळ आली, तर सही करायला दोन साक्षीदार मिळेनात. याला काय म्हणावं?

वकीलबाईंनी मसुदा समोर ठेवला तेव्हा मावशींनी आधी दोन स्वल्पविराम काढले, एक घातला, आणि मगच खुर्चीला पाठ टेकली. मसुदा जेमतेम दीड पानाचा. मावशींची एक खोली आणि खोलीतलं किडुकमिडुक, सगळं जिन्याखालच्या इस्त्रीवालीला.

"ते ठीक आहे," वकीलबाई म्हणाल्या, "पण साक्षीदार म्हणूनही तिचंच नाव? मावशी, जिला मिळायचं तिचीच साक्ष कशी चालेल? अशाने खोली जाईल तिच्या हातची."

हे मावशींना ठाऊक नव्हतं असं थोडंच! पण कळतं आणि वळत नाही, तशातली गत. आठवडाभर त्या दुसरं नाव शोधत होत्या. शेडमधले सोबती एकेक करून गेले. शेजारी दर वर्षी बदलतात, जिन्यात भेटले तर स्वतःच्या चपला बघत निघून जातात. उरला भाचा, आणि त्याच्यापासूनच तर खोली वाचवायची होती. मृत्युपत्र नसेल तर कायद्याने ती त्याचीच. वर्षातून एकदा 'तब्येतीची काळजी घ्या' असा निरोप धाडण्यापलीकडे त्याने कधी काही केलं नाही. पण आयत्या बिळावर नागोबा व्हायला तो धावत येईल, आणि मृत्युपत्र दिसलं की कोर्टात जाईल, याची मावशींना खात्री होती.

इस्त्रीवालीने तरी काय केलं होतं? रोज सकाळी कोळसे पेटवले की ती जिन्याखालून हाक मारायची, "मावशी, उठलात का?" वरून "उठले गं" आलं की कामाला लागायची. दोन वर्षांपूर्वी एका सकाळी वरून उत्तर आलं नाही. मावशी न्हाणीघरात पडल्या होत्या. इस्त्रीवालीने दाराची कडी उखडली, आणि त्यांना पाठीवर घेऊन ती तीन मजले उतरली. तेवढ्यात खाली गिऱ्हाइकाचा शर्ट जळाला. त्यावरून ती अजून मावशींवरच डाफरते.

"आमच्या ऑफिसातले दोघं करतील सही," वकीलबाई म्हणाल्या. "रोजच करतात. पाच मिनिटांचं काम."

"नको. मला ओळखणारी माणसं हवीत."

"मग आणा की."

इतकं एकटं मावशींना न्हाणीघराच्या फरशीवरही वाटलं नव्हतं.

पाच मिनिटांच्या सहीची किंमत त्यांना कुणी सांगायला नको होती. शेडमध्ये कुणाचा साक्षीदार कमी पडला की वकील ओरडायचे, "मावशी, एक सही मारा!" आणि टाइप करता करता मावशी मारायच्या. त्यातच एका म्हाताऱ्याचं मृत्युपत्र होतं. घर त्याची सेवा करणाऱ्या नर्सला. तो गेला, मुलांनी हरकत घेतली, आणि मृत्युपत्र खरं ठरवायच्या त्या प्रोबेटच्या खटल्यात मावशींना पिंजऱ्यात उभं केलं. म्हातारा शुद्धीवर होता का? स्वतःच्या मनाने बोलत होता का? मावशी खरं तेच बोलल्या, "मी मान वर करून पाहिलंच नाही." घर मुलांना गेलं. बाहेर नर्स भिंतीला टेकून उभी होती. तिने चार शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं. पुढे मावशींनी कुणासाठीही सही केली नाही, पण त्याने नर्सचं काय भलं झालं?

"बरं," त्या शेवटी म्हणाल्या, "बोलवा तुमच्या दोघांना. पण अर्धा तास बसायचं. आधी माझी ओळख, मग सही."

वकीलबाईंनी कपाळाला हात लावला, पण बोलावलं. एक म्हातारा शिपाई आला आणि फायली सांभाळणाऱ्या बाई आल्या, आठ्या घालूनच. "अर्धा तास? तिकडे फायलींचा ढीग पडलाय."

"उद्या पिंजऱ्यात उभं राहाल तेव्हा तो ढीग कामाला येणार नाही," मावशी म्हणाल्या. शिपाई हसला आणि खुर्ची ओढून बसला.

मग मावशी बोलत सुटल्या. वय एकोणऐंशी, कान शाबूत. भाजीत मीठ विसरतात, रेडिओशी भांडतात. लग्न केलं नाही, का केलं नाही तेही सांगून टाकलं. भाचा लहानपणी मांडीवर झोपायचा हे सांगताना आवाज जरा पडला. नर्सचं सांगितलं, इस्त्रीवालीचं सांगितलं. हातचं काही राखलं नाही. इतकं त्या कित्येक वर्षांत बोलल्या नव्हत्या, आणि ऐकणारे दोघंही परके, याची त्यांना मधूनच लाज वाटत होती.

"आता मी भाच्याचा वकील," अर्ध्या तासाने त्या म्हणाल्या. "सांगा, म्हातारी शुद्धीवर होती?"

शिपायाने धडाधड उत्तरं दिली. वय, मीठ, रेडिओ. मावशींचं तोंड उतरलं. असली पाठ केलेली साक्ष कुठलाही वकील चार प्रश्नांत फाडील.

"आणि तुम्ही हो?" त्यांनी फायलीवाल्या बाईंना विचारलं. "खोली इस्त्रीवालीला द्यायची हे म्हातारीच्या मनातलं, की कुणी पढवलेलं?"

बाईंनी टेबलाकडे बोट दाखवलं.

"तुम्ही बोलता ना, ते सगळं बोटांनी टेबलावर टाइप करता," त्या म्हणाल्या. "मघापासून बघतेय. लग्नाचं, भाच्याचं, सगळं. फक्त इस्त्रीवालीचं सांगत होतात तेव्हा बोटं थांबली होती. पढवलेलं असतं तर तेही टाइप झालं असतं. मी कोर्टात हेच सांगेन."

मावशींनी आपल्या हातांकडे पाहिलं. त्यांना हे ठाऊकच नव्हतं. असणार कसं? असलं काही दुसऱ्याने सांगायचं असतं, आणि त्यांच्या खोलीत दुसरं कुणी कधी नव्हतंच. वकीलबाईंनी पेन पुढे केलं. सही कुठे करायची ते मावशी झोपेतही सांगू शकल्या असत्या. तरी त्यांनी विचारलं, "कुठे गं?", कारण समोरचा कागद त्यांना दिसत नव्हता.