रोजचा एक तांब्या

कळंबचे म्हस्कूतात्या मासाळ सकाळी चहाच्या आधी गाडीचं बॉनेट उघडतात. ऑइलची पट्टी ओढून फडक्यानं पुसायची, पुन्हा आत घालून बघायची. चारी चाकं टाचेनं दाबून हवा जोखायची. वाकून गाडीखाली काही ठिपकलंय का ते पाहायचं. आणि शेवटी रेडिएटरचं झाकण फिरवून एक तांब्या पाणी ओतायचं. चार वर्षं हा क्रम एकदाही मोडला नव्हता.

गाडी पांढरी, डिझेलवरची, सात जणांची. लोणी भापकरच्या एका शिक्षकाकडून घेतली तेव्हा मीटरवर एक लाख बारा हजार किलोमीटर होते. या डिसेंबरात ते एक लाख शहाण्णव हजार झाले. एवढी चाललेली गाडी लोक काढून टाकतात. तात्यांना ते पटत नसे. वयाच्या पस्तिशीपर्यंत ते मेंढरांमागं हिंडले होते. म्हातारी मेंढी रोज नजरेखालून घातली, तिची खुरं बघितली, की ती कळपाबरोबर चालते हे त्यांना ठाऊक होतं. कळप मोडल्यावर ते ट्रॅक्टर चालवायला शिकले, मग गाडी. बघायची सवय तीच राहिली. किलोमीटरचा हिशोब मात्र त्यांना कधी जमला नाही. ऑइल ते दर चौथ्या अमावस्येला बदलत. अमावस्येला गाडीला नवं लिंबू-मिरची बांधायचीच असे, त्याबरोबर ऑइलची आठवण व्हायची आणि हिशोब बरोबर बसायचा. अमावस्येत न बसणाऱ्या गोष्टी मात्र तशाच राहत.

चार वर्षांपूर्वी गावातल्या दत्तोबांची मूत्रपिंडं निकामी झाली. दत्तोबा बहात्तर वर्षांचे, चांगले उसाचे शेतकरी. सोमवार, बुधवार, शुक्रवार असं आठवड्यातून तीनदा त्यांना बारामतीला डायलिसिसला न्यावं लागतं. सकाळी साडेसातला मशीन मिळतं. उशीर झाला तर मागचा पेशंट वाट बघत असतो, आणि जेवढा उशीर तेवढं रक्त कमी धुतलं जातं. पहिल्या दिवसापासून ही खेप तात्यांकडे आहे. दत्तोबांचा नातू ऋषिराज पुण्यात नोकरी करतो. जुन्या गाडीचा विषय तो दर सुट्टीला काढतो आणि दत्तोबा दर वेळी म्हणतात, "गाडी जुनी हाय, मीबी जुना हाय. आमचं जमतंय."

त्या बुधवारी सहाला ते निघाले. ऊसतोडीचे दिवस. रस्त्यावर दोन-दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरांची रांग होती आणि गाडी दुसऱ्या गिअरच्या वर जाईना. भवानीनगरच्या अलीकडे तात्यांचं लक्ष काट्यावर गेलं. तापमानाची सुई निम्म्याच्या वर होती. पंखा मघापासून घरघरत होता. सुई अजून सरकली.

तात्यांनी गाडी कडेला घेऊन बंद केली.

"काय झालं रं?" दत्तोबांनी विचारलं.

"तापलीया, आबा."

"मग पाणी घाल की. मागं कॅन हाय ना तुझा."

"आत्ता झाकण काढलं तर तोंडावर येईल वाफ. आन् तापल्या इंजनात गार पाणी पडलं तर आतनं चिरा पडत्यात."

"मग रेट तशीच. पंधरा-सोळा किलोमीटरचा तर सवाल हाय."

तात्यांनाही क्षणभर तसंच वाटलं होतं. पोचली असती. कदाचित. पण कदाचितवर दत्तोबांना बसवायचं नाही, एवढं त्यांनी तिथं ठरवलं. ते रस्त्यात उभे राहिले आणि दुधाचा टेम्पो आडवला. टेम्पो चालवणारा समर्थ शेजारच्या गावचा, ओळखीचा.

"या आबा, पुढं बसा. आज तुम्हालाबी डेअरीवर उतरवतो."

"तितं फॅट लावतील काय रं मला?" दत्तोबा चढता चढता म्हणाले. "लावू दे. दवाखान्यात वजन करत्यात, डेअरीवर फॅट. समदं मोजून झालं."

टेम्पो गेला. दत्तोबा चाळीस मिनिटं उशिरा पोचले आणि त्या दिवशी त्यांचं मशीन चाळीस मिनिटं आधी थांबवलं. दुपारी ऋषिराजचा फोन आला. आवाज चढलेला नव्हता. ते तात्यांना जास्त लागलं.

"तात्या, तुम्ही आजोबांना सांभाळून नेता, त्याबद्दल शंकाच नाही. पण आता गाडीवर भरवसा नाही राहिला. शुक्रवारसाठी मी बारामतीहून गाडी बघतोय. पुढचंही तसंच ठरवावं लागेल."

"व्हय," तात्या म्हणाले. ही खेप गेली तर सकाळी सहाला कुठं जायचं, हे त्यांना सांगता येईना.

गाडी तोवर दोरीनं ओढत बारामतीच्या गॅरेजात आली होती. गॅरेज निकिता नावाच्या मुलीच्या वडिलांचं. त्यांची कंबर गेल्यापासून ती चालवते. आयटीआयला डिझेल मेकॅनिकच्या वर्गात ती एकटी मुलगी होती. इंजिन गार होईपर्यंत तिनं कशालाही हात लावला नाही. मग झाकण काढलं, आत बॅटरीचा झोत धरला आणि तात्यांना जवळ बोलावलं.

"बघा."

आत पांढरा थर होता. किटलीच्या बुडाशी बसतो तसला, पण जाड. बोटानं खरवडला तर भुकटी झाली.

"पाणी कुठलं घालताय, तात्या?"

"घरच्या बोअरचं."

"कितीदा?"

"रोज एक तांब्या. चार वर्षं चुकलो न्हाय."

"चुकला असता तर बरं झालं असतं." ती हसली नाही. "तुमच्याकडंचं पाणी मचूळ. गाडीत पाणी आटतं, क्षार आत राहतात. नळ्या बुजल्या सगळ्या. यात कूलंट घालायचं असतं, निम्मं शुद्ध पाण्यात मिसळून. आणि मला सांगा, हे पाणी जात कुठं होतं?"

"म्हंजे?"

"बंद डबा आहे हा. रोज एक तांब्या मावत होतं, म्हणजे रोज एक तांब्या कुठंतरी जात होतं. कुठं?"

"खाली ठिपका न्हवता कधी. रोज बघतो मी."

"गरम इंजिनवर पडलेला थेंब जागेवर वाळतो. जमिनीवर येईलच कसा?" तिनं वॉटर पंपाखाली बॅटरी फिरवली. तिथं पांढरी रेघ उतरली होती, अश्रूच्या वाळल्या डागासारखी बारीक. "पाणी अडवणारं सील गेलंय. तेही चार वर्षांपासूनचंच असेल."

तात्या बाजूच्या टायरवर बसले.

त्यांना आठवलं ते सांगण्यासारखं नव्हतं, तिथं कुणाला कळलंही नसतं. नीरा नदीकाठच्या रानात उन्हाळ्यात जमीन क्षारानं पांढरी फुटते. त्या रानातल्या डबक्यावर वडील मेंढरांना तोंड लावू देत नसत. तीन कोस लांब न्यायचे, पण तिथलं पाजायचे नाहीत. आणि एखादी मेंढी सारखी पाण्याकडे पळायला लागली, तर तिला त्याच दिवशी बाजूला काढून बघायचे. जास्त पाणी पिणारं जनावर आजारी असतं, हे तात्यांना दहाव्या वर्षी माहीत होतं. गाडी चार वर्षं रोज पाणी मागत होती आणि आपण तिला पाजत होतो. तेही त्याच रानातल्या बोअरचं. वर स्वतःला काळजी घेणारा समजत होतो.

"इंजिन गेलं काय?" त्यांनी विचारलं.

"नाही. तुम्ही बंद केलीत म्हणून वाचलं. अजून तीन-चार किलोमीटर ओढली असती तर इंजिनाचं हेड उतरवावं लागलं असतं." निकितानं बेल्ट उलटा वाकवून दाखवला; आतून बारीक तडे गेले होते. रेडिएटरचा पाइप दाबला तर मऊ लागला. ब्रेकचं ऑइल चहासारखं काळपट झालं होतं. "ऑइल तेवढं झकास ठेवलंय तुम्ही. पण दोन लाखाच्या घरातली गाडी नुसत्या ऑइलवर चालत नाही. हे सगळं वेळेवर बदलायचं असतं, बिघडायची वाट न बघता."

"ह्याला अमावस्या कुठली धरायची?"

आता मात्र ती हसली. "कुठलीही धरा. पण धरा."

गुरुवारी दुपारी नवा रेडिएटर, पंप, बेल्ट आणि पाइप बसले. झाकणाशेजारच्या प्लॅस्टिकच्या बाटलीत हिरवं कूलंट भरलं. बाटलीवर दोन रेषा होत्या. "पातळी ह्या दोन रेषांच्या मधे पाहिजे," निकिता म्हणाली. "झाकण उघडायचं नाही. तांब्या आणायचा नाही. फक्त बघायचं. उतरली तर माझ्याकडं यायचं."

तिनं त्यांना लोणी भापकरपर्यंत जाऊन यायला लावलं. तात्या गेले, आले. सुई निम्म्याच्या खाली थांबून होती.

संध्याकाळी ते दत्तोबांच्या दारात गेले. बनाबाई, दत्तोबांच्या पत्नी, शेंगा फोडत होत्या. दत्तोबांनी ऋषिराजला फोन लावून स्पीकरवर ठेवला. तात्यांनी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. बोअरचं पाणी, थर, रोजचा तांब्या.

"चूक माझी हाय. गाडीची न्हाय."

"आरं बाबा," दत्तोबा म्हणाले, "आमच्या डायलिसिसच्या मशीनलाबी बोअरचं चालत न्हाय. दवाखान्यात मागल्या खोलीत पाणी शुद्ध करायचं येगळं मशीन हाय, येवढं कपाटाएवढं. मला दाखवलं सिस्टरनं."

"चार वर्षं ते मशीन दिसतंय तुमाला, आन् ह्यो शेजारीच बसलेला," बनाबाई म्हणाल्या. "सांगायचं न्हाय व्हय एकदा?"

"मला काय ठावं, त्यो गाडीला काय पाजतोय?"

फोनवरून ऋषिराजनं विचारलं, "तात्या, आता गाडी नीट आहे का?"

इथं ‘व्हय’ म्हणणं सोपं होतं. दत्तोबा तेवढ्यावर उद्या गाडीत बसलेही असते.

"एकदा लोणीला जाऊन आलोय. येवढंच सांगू शकतो," तात्या म्हणाले. "उद्याची तुझी गाडी ठिव. आबांना तीच न्हेऊ दे. मी मागनं रिकामी आणतो. ट्रॉल्यांच्या रांगेत कशी ऱ्हातीया ते बघतो. मग सोमवारचं बोलू."

शुक्रवारी तसं झालं. पुढं बारामतीची नवी गाडी, मागं तात्यांची रिकामी. भवानीनगरला रांग होती तशीच होती. दुसरा गिअर, पहिला गिअर, थांबा. रिकामी गाडी घेऊन चाललेल्या तात्यांना दोघातिघांनी हात करून विचारलं, पेशंट कुठाय. त्यांनी पुढच्या गाडीकडे बोट केलं. सुई निम्म्याच्या खालीच राहिली. परत येतानाही तशीच. शनिवारी आणि रविवारी सकाळी त्यांनी बॉनेट उघडून बाटली पाहिली. हिरवी पातळी जागेवर होती. रविवारी त्यांनी ते ऋषिराजला फोनवर सांगितलं आणि तो म्हणाला, सोमवारी तुम्हीच न्या.

सोमवारी सकाळी सवयीनं तांब्या भरला गेला. बॉनेटपाशी आल्यावर ते तात्यांच्या ध्यानात आलं. त्यांनी बाटली बघितली, बेल्टवरून बोट फिरवलं, पंपाखाली बॅटरी मारली. मग त्या पाण्यानं काच धुतली.

सहाला दत्तोबा दारात उभे होते. डॉक्टरांनी त्यांना दिवसाला एक लिटर पाणी ठरवून दिलंय, आणि ते चोरून जास्त पितात हे साऱ्या गावाला माहीत आहे; दवाखान्यातल्या वजनकाट्यावर ते उघडं पडतं. शेजारी बसत त्यांनी विचारलं,

"पाणी घातलंस?"

"न्हाय. बघितलं. दोन रेषांच्या मधी हाय."

"बरं हाय तुझं," दत्तोबा दार ओढून घेत म्हणाले. "माझं सिस्टर सांगंल. चल."