तोंड कुनी बगितलं?

नाखवामामा बायकोशी भांडल्याशिवाय कधी समुद्रावर जात नसे. माझ्या आईचा हा धाकटा भाऊ. स्वतःची मासेमारीची बोट होती, म्हणून आम्ही भाचरं त्याला नाखवामामा म्हणायचो. भांडण ऐन रंगात आलं की तो डबा उचलून चालू लागे. "अर्धं भांडान घरी ठेवलं का मानूस परत येतो. उत्तर द्यायचं ऱ्हातं ना!" मामी दारातून ओरडत राही, पण डब्यात सुकटीची चटणी अंमळ जास्तच भरलेली असे.

स्वतः बघितल्याशिवाय त्याचा कशावर विश्वास नसे. मोबाइलवर वादळाची सूचना आली तरी तो किनाऱ्यावर जाऊन आभाळ बघणार, मगच बोट थांबवणार.

करोनाच्या दुसऱ्या लाटेत मामीला ताप भरला. गल्लीच्या तोंडाशी रुग्णवाहिका आली, तेव्हा मामाने सवयीने सुरुवात केली, "सांगत व्हतो, गोळी घे. आयकलंस?" मामीला दम पुरेना. तिने नुसता हात हलवला.

पुढे तोही त्याच दवाखान्यात दाखल झाला, पुरुषांच्या कक्षात. मामी गेली तेव्हा त्याला प्राणवायू लावलेला होता. डॉक्टर म्हणाले, एवढ्यात सांगू नका. मामा-मामीची एकुलती एक मुलगी जयश्री दवाखान्याच्या फाटकाबाहेर उभी होती. प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली आई तिने लांबूनच जाताना पाहिली. त्यानंतर बापाचा फोन आला की ती सांगायची, "आई झोपलीय, बाबा."

तो घरी परतल्यावर ओट्यावर बसवून तिने खरं सांगितलं. मामाने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तोंड कुनी बगितलं?"

"कुनीच न्हाय. दाखवलंच न्हाय त्यांनी."

"मग?"



मामीच्या फोटोला त्याने हार घालू दिला नाही. बोट विकली आणि मांडव्याच्या जेट्टीवर जाऊन बसू लागला. मुंबईहून लाँच आली की उतरणाऱ्या एकेका बाईचं तोंड निरखायचा. "नावाची गफलत करून तिकडं मोठ्या दवाखान्यात नेली आसंल," असं मला समजावून सांगायचा. एकदा मी शेजारी असताना हिरव्या लुगड्यातली एक पाठमोरी बाई बघून तो ताडकन उठला. "अगं ए!" बाई वळली. "ही न्हाय," म्हणत मामा पुन्हा बसला आणि पुढच्या लाँचची वेळ विचारू लागला.

गेल्या वर्षी तो झोपेतच गेला. जयश्रीने त्याच्या तोंडावरचं कापड बाजूला केलं आणि आळीतल्या प्रत्येकाला हाताला धरून जवळ आणलं. "बगा. नीट बगून घ्या." उचलायची घाई करणाऱ्यांना तिने थांबवून धरलं. शेवटचा माणूस बघून गेला तेव्हा कुठे ती खाली बसली.

बापाला इतकी वर्षं समजावणारी ती, माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "दादा, त्या प्लॅस्टिकात आईच व्हती ना रे?"