‘सुबुद्धी’ हा शब्द चालणार नाही

आमच्या भुईगावात मला दोन गोष्टींसाठी ओळखतात. पस्तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं ही एक, आणि माझं तोंड ही दुसरी. निवृत्त झाल्यावर पहिली बंद पडली. दुसरी अजून जोरात चालू आहे.

माझा धाकटा भाऊ आमच्या मागच्याच वाडीत राहतो. फुलं पिकवतो. दर रविवारी चर्चमधली मिस्सा संपली की तो माझ्याकडे चहाला यायचा, आणि आमच्यात भांडण व्हायचं. मिठावरून, मोदकावरून, बाबांची छत्री नक्की कोणी हरवली यावरून. त्यात काही विशेष नव्हतं.

मग निवडणूक लागली. गाव महापालिकेत राहावं की बाहेर पडावं, यावरून सगळं गाव दुभंगलं. मी बाहेर पडणाऱ्यांतली. महापालिका आली की आधी टॉवर येतात आणि मग वाड्या जातात, हे माझं ठाम मत. तो आत राहणाऱ्यांतला. नळाला पाणी कोणामुळे आलं, हा त्याचा प्रश्न. इथवरही ठीक होतं. पण गावच्या सभेत तो दुसऱ्या बाजूने बोलायला उभा राहिला, लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि माझं डोकं फिरलं. दोनशे माणसांसमोर मी ओरडले, “बस खाली! विकला गेलायस तू!”

तो खरंच खाली बसला. त्यानंतरच्या रविवारपासून चहाला आला नाही.

आता शहाण्या बाईने काय केलं असतं? पाच मिनिटं चालत मागच्या वाडीत गेली असती. मी देवाला मध्ये घातलं.

आम्ही दोघंही देवळात वाचक. आमच्याकडे चर्चला देऊळच म्हणतात. प्रवचनानंतर वाचक एकेक प्रार्थना वाचतो, शेवटी “प्रभूकडे मागू या” म्हणतो, आणि सगळं देऊळ एका सुरात उत्तर देतं, “हे प्रभो, आमची प्रार्थना ऐक.” बाकीच्या प्रार्थना छापील असतात. शेवटची मात्र गावच्या गरजांसाठी, वाचकाने स्वतः लिहायची. आजाऱ्यांसाठी, दहावीच्या मुलांसाठी, असं काहीतरी.

माझी पाळी आली तेव्हा मी माईकसमोर उभी राहिले आणि अगदी भक्तिभावाने वाचलं, “ज्यांना सिमेंटचा मोह पडून वाडवडिलांच्या वाडीचा विसर पडला आहे, त्यांना सुबुद्धी मिळावी म्हणून प्रभूकडे मागू या.”

“हे प्रभो, आमची प्रार्थना ऐक!” सगळं देऊळ म्हणालं. सवयच ती. तिसऱ्या बाकावर माझा भाऊही म्हणाला, आणि म्हणून झाल्यावर त्याच्या लक्षात आलं. त्याचे कान लाल झालेले मला माईकपासून दिसले. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं.

पुढच्या रविवारी त्याची पाळी. “ज्या भगिनी महापालिकेच्या पाण्याने चहा करतात आणि तो पिऊन महापालिकेलाच शिव्या घालतात, त्यांच्या जिभेला थोडी विश्रांती मिळावी म्हणून प्रभूकडे मागू या.”

आणि मीसुद्धा म्हटलं हो! मोठ्याने! शेजारी बसलेल्या आमच्या ह्यांचे खांदे हसून गदागदा हलत होते. कोपराने असं ढोसलं त्यांना!

पाळ्या आमच्या आलटून पालटून. चार रविवार हे चाललं. जी पुरुषमंडळी प्रवचन संपेपर्यंत बाहेर झाडाखाली उभी असायची, ती आता वेळेवर आत येऊन जागा धरू लागली. कोळीवाड्यातल्या एका बाईने तर मला बाजारात विचारलं, “या रविवारी काय मागताय?”

शेवटी फादरांनी आम्हाला दोघांना ऑफिसात बोलावलं. फादर माझ्या मुलाच्या वयाचे. आमच्यासाठी दोन खुर्च्या एकमेकींना चिकटून मांडल्या होत्या. आम्ही बसताना त्या लांब सरकवल्या.

“कोणाला मत द्यायचं ते मी सांगणार नाही,” फादर म्हणाले. “भांडा, खुशाल भांडा. पण देवळात चारशे माणसं तुमच्यामागे ‘आमची प्रार्थना ऐक’ म्हणतात. तुम्ही त्यांच्या तोंडून एकमेकांना टोमणे मारताय. येत्या रविवारी दोघांनीही वाचायचं. बाईंनी भावासाठी, भावाने बाईंसाठी. चांगलं आणि खरं, तेवढंच. उपदेश नको. ‘सुबुद्धी’ हा शब्द चालणार नाही.”

“‘सन्मती’?” मी विचारलं.

“तोही नाही.”

शनिवारी दुपारी कागद घेऊन बसले. हे समोर बसून तपासत होते. आयुष्यभर मी पोरांचे निबंध तपासले, त्याची भरपाई त्यांनी एका दुपारी केली. “मतं चुकीची असली तरी मनाने चांगल्या असलेल्या माझ्या भावासाठी,” मी वाचलं. “पहिले चार शब्द खोड,” हे म्हणाले. “ज्याला लोकांनी भरीला घातलं, त्या माझ्या...” “सगळंच खोड.” सहा कागद फाडले. मग हे हळूच म्हणाले, “अगं, विकला गेलाय असं तुला खरंच वाटतं का?”

मी चिडून उठले आणि तडक देवळात गेले. निदान माईकसमोर उभं राहून तरी काही सुचेल म्हणून. वेदीपाशी सोनचाफ्याची आणि तगरीची टोपली नुकतीच ठेवलेली होती, पाणी शिंपडलेली. बाबा गेल्यापासून दर शनिवारी माझा भाऊ आणून ठेवतो. एक पैसा घेत नाही, नाव सांगत नाही. लग्नसराईत दादरच्या बाजारात सोन्याचा भाव असतो, तेव्हाही पहिली टोपली इथे. मी दोन्ही वेळा त्याला हाणलं, ते त्याच्याच फुलांच्या शेजारी उभी राहून. माझी मलाच इतकी लाज वाटली, की तिथेच पायरीवर बसून रडले.

रविवारी देऊळ खच्चून भरलं होतं. बाहेरसुद्धा माणसं. मी माईकसमोर गेले. कागद आधी उलटाच धरला. पस्तीस वर्षं वर्ग गप्प केलेल्या बाईने.

“माझ्या भावासाठी,” मी वाचलं. “सभेत मी म्हटलं, तो विकला गेलाय. ते खोटं होतं. म्हणताना मला ठाऊक होतं की खोटं आहे. माझा भाऊ विकला जाणाऱ्यांतला नाही.”

पुढे कागदावर काय होतं ते दिसेना. ‘प्रभूकडे मागू या’ म्हणायचं राहूनच गेलं. आता उत्तर द्यायचं की नाही, कोणालाच कळेना.

मग तिसऱ्या बाकावरून एकटाच आवाज आला, “हे प्रभो, आमची प्रार्थना ऐक.” भसाडा आवाज. लहानपणापासून तसाच आहे.

मी जागेवर जाऊन बसले. तो वर आला. खिशातून कागद काढला, उलगडला, आणि न वाचताच परत खिशात ठेवला.

“माझ्या बहिणीसाठी,” तो म्हणाला. “महापालिकेबद्दल ती साफ चुकते आहे.”

फादरांनी डोळे मिटून घेतले.

“पण आईबाबा गेल्यावर माझ्याशी भांडायला ती एकटीच उरली आहे. गेले पाच रविवार मी घरी एकट्याने चहा प्यायलो. तिला भरपूर आयुष्य मिळावं म्हणून प्रभूकडे मागू या.”

देवळाने उत्तर दिलं. मला मात्र देता आलं नाही. तोंड उघडलं, पण आवाजच फुटेना, आणि अख्ख्या गावाने ते पाहिलं.