चाकावरचा लाल ठिपका

मोटारीनं लातूरला जायचं ठरलं आणि माझी झोपच उडाली. पन्नाशीला आलो, पण तोवरचा सगळा प्रवास बैलगाडीनं, फार तर रेल्वेनं. भाचीचं लग्न होतं, गोरज मुहूर्तावर. तिचे वडील वारलेले, म्हणून कन्यादान आम्हा नवराबायकोच्या हातून व्हायचं होतं. बायको आठ दिवस आधीच गेली होती. शेतीच्या कामानं मी मागं राहिलेलो.

नांदेडला पहाटे गोदावरीत, आमच्या गंगेत, स्नान केलं. कन्यादानासाठी तिचं तांब्याभर पाणी घेऊन तांब्याचं तोंड फडक्यानं बांधलं. मोटारीला माणशी निजामाचे तीन हाली रुपये पडतात आणि पुढच्या बाकावर धूळ कमी लागते, एवढं जाणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं.

मी मात्र मोटारीभोवतीच फिरत होतो. टायरच्या कडेला नाण्यावर असतात तशी उठावाची इंग्रजी अक्षरं! गावच्या शाळेत ती शिकवलीच नाहीत. बोटांनी चाचपून पाहिली.

"माणिकराव, काय लिहिलंय हो?" ड्रायव्हरला विचारलं.

"हे कंपनीचं नाव, काका, अन् हे आकडे मापाचे. बसा आता. लगनाला निघालात का टायर वाचाया?"

तो इंजिनात पाणी भरायला गेला. गाडी नवी असो की जुनी, लांब निघताना आमच्याकडं चाकाला टिळा लावतात. मी प्रत्येक टायरवरचा वाळका चिखल चार बोटं पुसला आणि तिथं तेलात कालवलेल्या शेंदराचा ठिपका लावून हात जोडले.

लोह्यापर्यंत मुरमाचा रस्ता, हाडं खिळखिळी करणारा, तरी मी पोरासारखा खूश. तिथं भाकरी-पिठलं खाल्लं, झणझणीत आणि स्वस्त. अहमदपूरच्या अलीकडं पुढचं चाक पंक्चर झालं. माणिकरावानं ट्यूबला ठिगळ लावलं आणि टायर फिरवत फिरवत बसवलं.

"फिरवता कशाला?"

"टायरची हलकी बाजू असती, काका. कंपनी तिथं लाल ठिपका देती. त्याच्यासमोर ट्यूबचं हवा भरायचं नळकांडं आणायचं, म्हंजे त्याच्या वजनानं चाक समतोल होतं."

काय डोकं म्हणावं! मी थक्क झालो. पण पुढं चांगली सडक लागली आणि वेग वाढताच सुकाणू थरथरू लागलं. माणिकराव घामाघूम झाला. गाडी बैलाच्या चालीनं न्यावी लागली. सूर्य कलत होता. मुहूर्त टळला तर?

शेवटी तो उतरला. "ठिपका तर बराबर समोर हाय. मग हलून का राहिलं?"

मी वाकून पाहिलं. ठिपक्यावर बोट फिरवलं, बोट लाल झालं.

"माणिकराव, हा ठिपका माझा हाय. पहाटे टिळा लावला होता."

मागच्या बाकावरचे शेटजी हसून लोळले. "आता काकांनी टायरचा कारखानाच काढावा!"

खरा ठिपका चिखलाखाली असणार. पाण्याचा डबा इंजिनानं केव्हाच संपवलेला. मी तांब्याचं फडकं सोडलं.

"काका, ते कन्यादानाचं!" माणिकराव म्हणाला.

"मीच पोचलो न्हाई तर कसलं कन्यादान?"

अर्ध्या तांब्यात टायर धुतलं. बरोबर उलट्या अंगाला फिकट लाल ठिपका निघाला. हवा सोडून टायर फिरवलं. आम्ही आळीपाळीनं पंप मारला, शेटजींनीसुद्धा.

लातुरात शिरलो तेव्हा गायी परतत होत्या. भटजी मामांच्या नावानं ओरडत होते. पाय धुऊन उभाच राहिलो. बायकोनं तांब्या हातात घेतला आणि कुजबुजली, "गंगा अर्धीच कशी हो?"

"अर्धी चाकाला लागली."

तिनं माझ्याकडं पाहिलं, पण धार धरली. भाचीचा हात माझ्या ओंजळीवर थरथरत होता. मी तो खालून घट्ट तोलून धरला.

परतीलाही माणिकरावच होता. मी शेंदराची डबी काढताच तो चाकासमोर आडवा उभा राहिला. "काका, टिळा मला लावा."

लावला.

आता घरी पूजेला बसतो तेव्हा ते चाक आठवतं. घडवणाऱ्यानं हलकी बाजू लपवली नव्हती, खूण करून ठेवली होती. चिखल मी चार बोटंच पुसला होता, एवढंच.